आठ टीबीचं पासिंग

पाणखार गावात लग्न ठरलं की लोक आधी चांगदेव घरतची तारीख घेतात आणि मग भटजीची. भटजी उरणात पुष्कळ मिळतात. पण ड्रोन, क्रेन, धूर सोडायचं मशीन आणि नवरीच्या आईला दोनदा रडायला लावायची हिंमत, एवढं सगळं एकाच माणसाकडे असलेला व्हिडिओवाला पंचक्रोशीत हा एकच.

पोर्टासाठी मिठागरं गेली आणि मोबदला आला, तेव्हा अख्ख्या गावाने कंटेनर ओढायचे ट्रेलर घेतले. चांगदेवने कॅमेरा घेतला. गाव वर्षभर हसलं. मग ट्रेलरवाल्यांची मुलं लग्नाची झाली आणि हसणारे एकेक करून त्याच्या ओटीवर येऊन बसू लागले. आपल्या मुलाची हळद शेजाऱ्याच्या मुलाच्या हळदीपेक्षा मोठी दिसली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं असे. चांगदेव ती मोठी दाखवी. पन्नास माणसं नाचत असली तर तो कॅमेरा असा फिरवी की बघणाऱ्याला पाचशे वाटावीत.

त्याचा देव एकच, फ्रेम. फ्रेममध्ये नको ते आलेलं त्याला खपत नसे. ऐन मुहूर्तावर त्याने नवरीच्या मामाला पाटावरून उठवलं आहे, कारण मामाचा शर्ट मागच्या पडद्याच्या रंगाचा होता. एकदा तर भटजीला त्याने मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं पुन्हा म्हणायला लावलं. अक्षता तोवर संपल्या होत्या, म्हणून लोकांनी दुसऱ्या वेळी नुसतेच हात हलवले. व्हिडिओत ते उत्तम दिसतं.

चांगदेवची आई नीराबाई. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंतचे विधी जी बाई धवले गाऊन लावते, ती ही. धवल्यात ती गावदेवीला बोलावते, खाडीला बोलावते, घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते, आणि ते झाल्याशिवाय जुनी माणसं नवऱ्याला हळदीचं बोट लावू देत नाहीत. निदान देत नसत. पुढे गावात डीजे आला. मग नीराबाई दोन गाण्यांच्या मधल्या फटीत गाऊ लागली. पैसे देणारे चांगदेवला सांगत, "म्हातारीचा धवला कोण बघतो? त्याच्यावर पिक्चरचं गाणं टाक." चांगदेव टाकी. आपल्याच आईच्या तोंडावर त्याने वीस-बावीस वर्षं पिक्चरची गाणी घातली, आणि ती घालताना तिचे ओठ गाण्याशी जुळावेत म्हणून मेहनतसुद्धा घेतली.

दीड वर्षापूर्वी नीराबाईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं. मधल्या खोलीत खाटेवर ती बसून असते आणि डाव्या हाताने घर चालवते. सून केसर तो हात वाचायला शिकली आहे. चांगदेवला अजून जमलेलं नाही.

त्याची मुलगी रुचिका बेलापूरला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिचं लग्न ठरलं आणि तिने वडिलांना सांगितलं, "पप्पा, माझ्या हळदीला डीजे नको. आजीचा धवला पाहिजे. आजी म्हणू शकत नाही, तर तुमच्या शूटिंगमधला लावा. एकच, पण अख्खा. मधे काही न कापलेला."

"एक कनाला? चाळीस देतो," चांगदेव म्हणाला. "चारशे लग्नं हायत माझ्याकडं."

लग्नं होती हे खरं. ती एकतीस हार्ड डिस्कांत होती, आणि हार्ड डिस्का तांदळाच्या कोठीत. खाडीकाठची खारी हवा लोखंडाला ठेवत नाही, तिथे डिस्कची काय कथा. म्हणून चांगदेवने त्या फडक्यात गुंडाळून तांदळात पुरल्या होत्या. केसर रोज तांदूळ काढताना एकदोन लग्नं बाजूला सारी. "यातला एक तरी दगड घराच्या कामाला आला पाहिजे," असं ती अधूनमधून म्हणे, आणि तिने त्यातला एक कामाला लावलाही होता. पण ते तिने कोणाला विचारून केलं नव्हतं, म्हणून कोणाला सांगितलंही नाही.

रुचिकाने एक डिस्क लावली, तर ती आतून टकटक करू लागली. दुसरी लागलीच नाही. तिने बाकीच्या पटपट बघितल्या आणि म्हणाली, "पप्पा, या सगळ्या मरायला टेकल्यात. नेटवर्क स्टोरेजचा एक डबा घ्या. त्यात मोठ्या डिस्का बसतात, सगळं एका जागी राहतं, टीव्हीवरसुद्धा लागतं. पण प्रत्येक डब्यात प्रत्येक डिस्क चालत नाही हां. कंपनीची यादी असते, कुठल्या डब्याला किती मोठी डिस्क चालते त्याची. यादी बघूनच घ्या."

हळदीला तीन आठवडे होते. चांगदेव धर्माला घेऊन वाशीला निघाला, आणि चुकलं ते इथेच.

धर्मा हा केसरचा भाऊ. त्याचे दोन ट्रेलर पोर्टावर चालतात. ज्या वस्तूला चाकं आहेत तिच्याविषयी त्याला सगळं कळतं, आणि ज्या वस्तूला चाकं नाहीत तिलाही तोच हिशोब लागू पडतो अशी त्याची खात्री आहे. गावात कोणी फ्रिज घेतला तरी धर्मा सोबत जातो आणि मागून वाकून बघतो.

दुकानात दिपेश नावाचा तरुण विक्रेता होता. त्याने दोघांना चार खणांचा एक काळा डबा दाखवला. मॉडेल जुनं, शेवटचा नग, म्हणून स्वस्तात. धर्माने डबा उचलून वजन घेतलं, बोटाने वाजवला आणि म्हणाला, "बॉडी चांगली हाय."

"यात अठरा टीबीच्या चार डिस्का बसतील ना?" चांगदेवने विचारलं.

दिपेशने कागद उलटवला. "नाही काका. हे मॉडेल एका खणात आठपर्यंतच घेतं. अठराची यादीत नाही. तुम्हाला अठराच्या लावायच्या असतील तर नवीन मॉडेल घ्या."

चांगदेव नवीन मॉडेलकडे बघू लागला. तो खरोखर बघत होता, हे त्याच्या बाजूने नोंदवायला पाहिजे. पण धर्माने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेतलं.

"दाजी, माझ्या गाडीवर पासिंग किती लिवलंय?"

"पंचवीस टन."

"आनि मी भरतो किती?"

धर्मा किती भरतो हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"लिवलेला असतो तो साहेबाला दाखवायला," धर्मा म्हणाला. "कंपनी आपली जबाबदारी टालते. आठ लिवलाय म्हंजे बारा तर डोल्यं झाकून जाईल. अठरा जरा जपून घालायचा."

उरणच्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. तिथे रस्त्यावर धावणारी निम्मी दुनिया लिहिल्यापेक्षा जास्त भरून धावते आणि रात्री सुखरूप घरी येते. चांगदेवने यादी बघितली. ती बघितलीच नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. बघितली आणि सोडून दिली.

"काका, कंपनी आठ लिहिते म्हणजे आठच," दिपेशने बिल करता करता पुन्हा सांगितलं.

"असा सगलेच सांगतात," धर्मा त्याला समजुतीने म्हणाला.

घरी आल्यावर डब्याची पूजा झाली. नवी गाडी आली की होते तशीच. डब्याला हळद लागली, कुंकू लागलं, चार कोपऱ्यांना चार लिंबं ठेवली, झेंडूची माळ घातली. नारळ डब्यावर फोडायचा की डब्यासमोर, यावर थोडी चर्चा झाली आणि केसरने तो सरळ पायरीवर फोडून आणला. पण तीर्थ म्हणून चार थेंब धर्माने शिंपडलेच. नीराबाई खाटेवरून हे सगळं बघत होती. तिने डावा हात कपाळाला लावला. चांगदेवला वाटलं, आई नमस्कार करते आहे.

मग अठराच्या चार डिस्का चार खणांत सरकवल्या आणि बटण दाबलं. चार तांबडे दिवे लागले. ते तसेच राहिले.

"गरम व्हाया पायजे," धर्मा म्हणाला. इंजिन सुरू केल्यावर थांबावं तसे दोघं अर्धा तास डब्यासमोर बसून राहिले. संध्याकाळी रुचिका आली. तिने दिवे बघितले, हळद बघितली, लिंबं बघितली.

"यादी बघितलीत का?"

"बघितली."

"मग?"

"आमाला वाटला, जरा जास्तीच घेईल."

रुचिकाने एकेक लिंबू उचलून आईच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी दिपेशने डब्याच्या जाळीत नखाने खरवडून बघितलं. बोटाला कुंकू लागलं. "डिस्का बदलून देतो काका," तो म्हणाला, "डबा नाही घेता येणार. पूजा झालेला माल कंपनी परत घेत नाही." असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण लिहिलेल्या नियमाचं आपण काय केलं हे आठवून चांगदेव निमूटपणे आठच्या चार डिस्का घेऊन घरी आला.

आठ चोक बत्तीस, असा हिशोब त्याने बसमध्येच केला होता. रुचिकाने तो मोडला. चारांतल्या दोन डिस्कांवर माल आणि उरलेल्या दोनांवर तोच माल पुन्हा, असं ठेवायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरी असते. हे ऐकून धर्माला मनापासून वाईट वाटलं. एक ट्रेलर माल घेऊन चाललाय आणि त्याच्या मागे दुसरा ट्रेलर तोच माल घेऊन चाललाय, हे त्याला बघवेना.

"कनासाठी?" त्याने विचारलं.

"पुढचा पलटी झाला तर," रुचिका म्हणाली.

धर्माचा एक ट्रेलर गेल्या पावसात पलटी झाला होता. तो उठून घरी गेला.

म्हणजे जागा सोळाची आणि माल तेवीसचा. सात टीबी गाळायचे होते. चांगदेव वही घेऊन बसला. पहिल्यांदा त्याने मोडलेली लग्नं लिहिली. ती फारच थोडी निघाली. मग ज्यांनी दुसऱ्या मुलाच्या लग्नाला पनवेलचा व्हिडिओवाला आणला त्यांची लिहिली. मग ज्यांच्याकडे शूटिंगवाल्यांना शेवटच्या पंगतीला बसवून मटणाचा नुसता रस्सा वाढला होता त्यांची. यादी लांबत चालली तेव्हा केसरने वही काढून घेतली. "लोकांची लग्नं पुसायला तुमी कोन?"

शेवटी त्याला सोपी वाट सुचली. तीन डिस्कांवर त्याने लाल पेनने 'खराब' असं लिहिलेलं होतं. लेन्सची टोपी काढायला विसरलेलं, लाइट गेल्यावरचं, कॅमेरा स्टुलावर चालू राहिला आणि तासभर सतरंजी दिसत राहिली, असलं सगळं वर्षानुवर्षं त्याने त्या तिघींवर लोटून ठेवलं होतं. वहीतल्या नोंदीप्रमाणे तिन्ही मिळून बरोबर सात टीबी भरले. देवाने सोय केली, असं म्हणून त्याने दोन 'खराब' त्याच दिवशी पुसल्या आणि पुढच्या सीझनच्या शूटिंगला कोऱ्या करून ठेवल्या. तिसरी कोठीत सापडली नाही. खराबच होती, म्हणून त्याने फारशी शोधली नाही.

बाकीचा माल डब्यात चढायला आठवडा लागला. डबा नीराबाईच्या खाटेजवळ ठेवला होता, कारण इन्व्हर्टरचं बटण तिथेच होतं. चार दिवे आता हिरवे झाले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला चांगदेव ते दाखवी आणि सांगे की आपल्या गावातलं प्रत्येक लग्न यात आहे, आणि तेही दोनदा.

हळदीला तीन दिवस उरले. दुपारी रुचिकाने रिमोट घेतला आणि टीव्हीवर सगळं न कापलेलं शूटिंग लावायला बसली. चांगदेव शेजारी बसला, केसर दारात, नीराबाई खाटेवर. पहिलं लग्न लागलं. मांडव, पाट, हळदीची वाटी. नीराबाईने पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि गावदेवीला हाक घातली. दोन ओळी झाल्या. तिसरी सुरू होते न होते तोच कॅमेऱ्यामागून चांगदेवचा आवाज आला. "आये, बाजूला हो. फ्रेममधी येतंस."

आवाज थांबला. पडद्यावरची नीराबाई पाटापासून सरकली.

"दुसरं लाव," चांगदेव म्हणाला.

दुसऱ्यात ती चार ओळी गायली. "आये, हलू म्हन. माईक फाटतो." तिसऱ्यात ती सुरूच करत होती. "आये, थांब जरा, लाइट येऊ दे." चौथ्यात पुन्हा बाजूला हो. कधी रागाने, कधी हसत, कधी नुसती चुटकी. पुढे पुढे तर तो काही बोलायची ती वाटच बघत नव्हती, कॅमेरा आपल्याकडे वळला की तोंड मिटून आपणहूनच कडेला जात होती. वर्षं पुढे सरकत होती, तिचे केस पांढरे होत होते, आणि ती दर लग्नात पाटापासून थोडी आणखी लांब उभी राहत होती. रुचिका फक्त पुढचं लावत होती.

चाळीस झाली तेव्हा चांगदेवने रिमोट तिच्या हातातून घेतला आणि खाली ठेवला. त्याला लाज वाटली. चारशे लग्नांत त्याने दुसऱ्यांच्या आया दोनदोनदा रडवल्या होत्या आणि स्वतःच्या आईला एकदा पुरतं गाऊ दिलं नव्हतं. खाटेकडे बघायचा त्याला धीर होईना.

मग त्याच्या ध्यानात आलं ते त्याहून वाईट होतं. आई पुरी गायली असेल तर ती तो कॅमेऱ्यामागे नसताना. आणि तो कॅमेऱ्यामागे नसतानाचं जेवढं होतं, तेवढं सगळं त्याने 'खराब' म्हणून लिहिलं होतं. त्यातल्या दोन त्याने आपल्या बोटाने कोऱ्या केल्या होत्या.

"तिसरी कुठं हाय?" त्याने विचारलं. कोणालाच कळलं नाही तो कशाविषयी बोलतोय. "लाल पेनची. खराब लिवलेली."

केसर दारातून हलली. स्वयंपाकघरातून ती आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक डिस्क होती. सुकटीच्या बरणीचं झाकण मांजर उघडायचं, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने ती वजन म्हणून वर ठेवली होती. "मना काय ठाऊक," ती म्हणाली, "खराब लिवलं व्हतं, म्हनून घेतली."

डिस्कला सुकटीचा वास येत होता. रुचिकाने ती पुसून लावली. ती दोनदा टकटकली आणि मग लागली. पहिली फीत सतरंजीची निघाली, दुसऱ्या फितीत कोणाचे तरी पाय. तिसरी लावली तर टीव्ही काळा. लेन्सची टोपी काढलेलीच नव्हती.

काळ्या पडद्यातून मांडवाचा आवाज येऊ लागला. भांडी, पोरं, आणि कोणीतरी ओरडून सांगत होतं की जनरेटरचं डिझेल संपलंय. मग धर्माचा तरुण आवाज, आपल्याच हळदीत आपल्याच ड्रायव्हरला शिव्या घालणारा. दोन ट्रेलरांच्या मालकाच्या हळदीत डिझेल संपलं होतं, डीजे बंद पडला होता, आणि चांगदेव कॅमेरा तसाच चालू ठेवून जेवायला गेला होता.

त्या शांततेत नीराबाईने धवला धरला.

तिने गावदेवीला बोलावलं. खाडीला बोलावलं, मिठागरांना बोलावलं, मिठागरं तोवर कधीच बुजली होती तरी. मग गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावलं, धर्माच्या आज्याला, चुलत्याला, पटकीत गेलेल्या आत्याला. मधे कोणी बोललं नाही. बाया मागून धरत होत्या. सात-आठ मिनिटं टीव्हीवर काही दिसत नव्हतं, आणि घरातली चारही माणसं त्या काळ्या काचेकडे बघत बसली होती. खाटेच्या कडेवर नीराबाईचा डावा हात ठेका धरत होता. तो हात काय म्हणतोय हे या वेळी चांगदेवलाही वाचता आलं.

धवला पुरा झाला. रुचिकाने डोळे पुसले आणि म्हणाली, "हाच लावायचा." ती रिमोट उचलत होती, तोवर टीव्हीतून चपलांचा आवाज आला आणि चांगदेव जेवून परत आला.

"आये, कॅमेरा चालूच राह्यला," काळ्या पडद्यातून त्याचा आवाज म्हणाला. "सर बाजूला."

खाटेवरच्या नीराबाईने डाव्या हाताने पदर आवरला, पाय ओढून घेतला आणि ती कशीबशी भिंतीकडे सरकली.

टीव्ही बंद करायचं कोणाला सुचलं नाही. चांगदेव उठला आणि आईने रिकाम्या केलेल्या जागेत, तिच्याकडे तोंड करून बसला. तिचा डावा हात त्याने हातात घेतला.

"नको सरू आता," तो म्हणाला. "बस हितंच."